नवऱ्याने दोनदा पाहिलेला पिक्चर

माझा नवरा पिक्चर बघताना रडला, आणि मला त्या पिक्चरमधल्या बाईचा राग आला. हे असं उघड लिहायला जरा लाज वाटते, पण झालं ते असंच.

पिक्चर मुलीने निवडला होता. ती कॉलेजात शिकते आणि बघितलेल्या प्रत्येक पिक्चरवर मोबाईलमध्ये काहीबाही लिहीत असते. रविवारी दुपारच्या शोची तीन तिकिटं काढून तिने मला आधीच ताकीद दिली. "आई, हा शांतपणे बघायचा पिक्चर आहे. सारखं 'आता काय झालं, आता काय झालं' विचारू नकोस." बापाला तिने काही सांगितलं नाही, कारण ते काही विचारतच नाहीत. आमच्या घरात बोलायचं काम माझं आणि ऐकायचं त्यांचं. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ते शिफ्ट सांभाळतात. घरी आले की आंघोळ, चहा, बातम्या. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं, त्याच्यापुढे एक शब्द जास्त नाही. सासरे गेले तेव्हा सगळं घर रडत होतं, आणि हे मांडववाल्याला खुर्च्या कुठे लावायच्या ते दाखवत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्याबद्दल मनाची समजूतही घातली होती. काही माणसं असतात तशी.

तर पिक्चर. एक बाई असते, तिशीतली. फ्लॅटमध्ये दिवसभर एकटी. नवरा सकाळी जातो, संध्याकाळी येतो. घरात एक खोली कायम बंद. त्या खोलीतून तिला लहान मूल खोकल्याचा आवाज येतो. नवऱ्याला येत नाही. मग ती त्या खोलीच्या भिंतीला टेकून बसायला लागते आणि भिंतीशी बोलायला लागते. आज काय भाजी केली, खाली कोण भांडत होतं, असलंच. गाणी नाहीत, मारामारी नाही, नळ ठिबकतोय आणि ट्यूबलाइट फडफडतेय. मागच्या रांगेतली पोरं मध्येच हसत होती. इंटरव्हलनंतर बरीच माणसं परत आलीच नाहीत. मी उल्हासनगरला साड्यांच्या दुकानात काम करते, त्यामुळे माझं लक्ष कुठे असणार? त्या बाईने अख्ख्या पिक्चरमध्ये एकच फिकी निळी कॉटनची साडी नेसली होती. तिला धड खळसुद्धा नव्हती.

शेवटी शेवटी मी कंटाळून शेजारी बघितलं, तर यांचे गाल ओले. आवाज नाही, हुंदका नाही, हात मांडीवर तसेच. पडद्यावरचा उजेड त्या पाण्यावर चमकत होता. मी हात पुढे करणार होते, पण केला नाही. मला वाटलं, मी मध्ये आले तर ते मला ओळखणारच नाहीत.

बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, पाचपैकी किती?"

ते म्हणाले, "आवाज बरोबर होता."

"कसला आवाज?"

"तिचा. भिंतीशी बोलतानाचा."

मुलगी खूश झाली. रिक्षात बसल्या बसल्या तिने ते वाक्य मोबाईलवर टाकलं. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की असल्या बाईला एकदा डॉक्टरकडे नेलं असतं तर अर्ध्या तासात पिक्चर संपला असता.

त्या दिवसापासून माझं डोकं बिघडलं. त्या नटीचे फोटो शोधून बघायला लागले. लांब मान, घोगरा आवाज, बिनकाजळाचे डोळे. मी आरशासमोर उभी राहून माझी मान बघितली. इतक्या वर्षांच्या संसारात मी आजारी पडले, आई गेली तेव्हा जेवण सोडून बसले, मुलीच्या वेळी मरता मरता वाचले. तेव्हा या माणसाने माझ्या उशाशी बसून औषधं वेळेवर दिली, पण डोळ्यांत टिपूस नाही. आणि ही कोण कुठली, पैसे घेऊन भिंतीशी बोलणारी!

दुकानात आमची मालकीण, तिला सगळे भाभी म्हणतात, सिंधी आहे पण मराठी माझ्यापेक्षा जोरात बोलते. माझं तोंड बघून तिने विचारलंच. मी सांगितलं तर ती साड्यांच्या ढिगावर हात आपटून हसली. "अरे, पडद्यावरच्या बाईवर कशाला जळतेस? जळायचंच तर शेजारणीवर जळ. वो दिखती तो है!"

मीही हसले. पण दोन-तीन दिवसांनी मुलगी जेवताना सहज म्हणाली, "आई, बाबांनी परत त्याच पिक्चरचं तिकीट काढायला लावलं मला. एकच."

"कधीचं?"

"उद्या दुपारचं. सुट्टी आहे ना त्यांना. तुला बोलले नाहीत?"

मला बोलले होते ते एवढंच, की उद्या जरा बदलापूरला जाऊन येतो. बदलापुरात बेलवलीला त्यांचं मूळ घर. आता तिथे बिल्डिंग झाली आहे आणि मोठ्या दिरांच्या माघारी जाऊबाई राहतात. मला वाटलं होतं त्यांच्याकडे जाणार असतील.

दुसऱ्या दिवशी मी भाभीला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि त्याच थिएटरात गेले. ओढणी डोक्यावरून घेऊन, पिक्चर सुरू झाल्यावर, अंधारात. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. ते मधल्या रांगेत एकटे बसले होते. मी त्यांच्या मागे चार-पाच रांगा सोडून बसले. मला काय सापडणार होतं कोण जाणे. मनात एकदा असंही येऊन गेलं की कुणीतरी दुसरी बाई येऊन शेजारी बसेल. खरं सांगते, तशी आली असती तर मला समजायला सोपं गेलं असतं.

कुणी आलं नाही. मी पडदा बघितलाच नाही, त्यांचं डोकं बघत होते. ते पुढे सरकून, समोरच्या खुर्चीवर हात टेकून बसले होते. पिक्चरमध्ये एका ठिकाणी ती बाई बोलता बोलता थांबते, भिंतीला कान लावते आणि विचारते, "ऐकतोयस ना?" पहिल्या वेळी तिथे मागची पोरं हसली होती. या वेळी सगळीकडे शांतता होती. आणि त्या शांततेत माझा नवरा म्हणाला, "हो."

हळू म्हणाला, पण मला नीट ऐकू आलं. 'हो.' जसं घरातून कुणी हाक मारल्यावर आपण म्हणतो तसं. इतक्या वर्षांत मला त्यांच्याकडून हजारो 'हो' मिळाले असतील. त्यातला एकही तसा नव्हता.

पिक्चर संपल्यावर मी जिन्यापाशी उभी राहिले. लपायचा प्रयत्न केला नाही. ते खाली उतरले, मला बघितलं आणि थबकले.

"तू इथे?"

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"कोण?"

"तुम्ही जिला हो म्हणालात ती."

मला वाटलं आता गप्प बसतील, किंवा चिडतील. ते म्हणाले, "चल, चहा घेऊ."

रस्त्यापलीकडे टपरीच्या बाकड्यावर आम्ही बसलो. चहा आला, त्याच्यावर साय धरली. मी या वेळी त्यांना वाक्य पुरवलं नाही. नेहमी पुरवते. शेवटी ते म्हणाले, "दादाची पहिली बायको होती."

मला आधी कळलंच नाही. माझ्या दिरांची एकच बायको मला माहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला मोठ्या जाऊबाई म्हणते.

मग त्यांनी सांगितलं. तुटक तुटक, मध्येच थांबत. बेलवलीला तेव्हा शेती होती. माझी सासू यांच्या लहानपणीच गेली, आणि थोड्याच दिवसांत ही वहिनी लग्न होऊन घरात आली. तीच यांना शाळेत पाठवायची, तीच न्हाऊ घालायची, डोक्यातल्या उवा काढायची. तिला मूल उशिरा झालं. मुलगा. तो वर्षाच्या आतच तापाने गेला. त्यानंतर ती दुपारी कोठीच्या खोलीत जाऊन दार लावून बसायची आणि बोलायची. बाळाशी. लोक म्हणाले लागीर झालंय. भगत झाले, अंगारे झाले. घरात कुणी तिच्याशी बोलेना. हे तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. घरी आले की त्या दाराबाहेर बसायचे. ती आतून बोलायची. मध्येच विचारायची, ऐकतोयस ना? ती बाळाला विचारतेय की आपल्याला, हे त्यांना कधी कळलं नाही. ते म्हणायचे, हो.

"मग?"

"मग एक दिवस दादा म्हणाला, हिला माहेरी सोडून ये, थोडे दिवस बरं वाटेल. मी सोडून आलो. मला वाटलं खरंच थोडे दिवस. सहा महिन्यांत दादाने दुसरं लग्न केलं. मी तिला बघायला गेलो तर तिच्या भावांनी अंगणातूनच हाकललं. बरोबरच होतं त्यांचं."

"आणि आता?"

"माहीत नाही."

"जिवंत आहे?"

"माहीत नाही," ते म्हणाले, आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्याआधी, त्याच्याखाली, दुसरंच काहीतरी पेटलं होतं. पडद्यावरची बाई परवडली. तिचा पिक्चर आठवड्यात उतरतो. ही माझ्याही आधीपासून घरात होती. मी या माणसाशी लग्न केलं तेव्हाच त्याचं सगळं बोलणं कुणीतरी घेऊन गेलेलं होतं, आणि मी इतकी वर्षं उरलेल्या हो-नाहीवर संसार केला. मी विचारू नये ते विचारलं. "तुमचं काही... तिच्यावर?"

ते रागावले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "तू म्हणतेस तसं नाही. पण काहीच नव्हतं असं नाही म्हणता येणार."

हे खरं उत्तर होतं, म्हणूनच जास्त लागलं.

त्या आठवड्यात मी बेलवलीला फोन केला. जाऊबाई सगळं जाणून होत्या. "कशाला जुनं उकरतेस?" एवढंच म्हणाल्या, पण गाव कुठलं ते सांगितलं. बारवी धरणाच्या रस्त्याला, आत. मी यांना म्हटलं, येत्या रविवारी जाऊ. त्यांना वाटलं माझं मन मोठं आहे. तसं काही नव्हतं. मला ती बघायची होती.

स्कूटरवरून गेलो. वाटेत त्यांनी दोनदा उगाच थांबून आरसा पुसला. गावात विचारत विचारत घर सापडलं. तिचे भाऊ केव्हाच गेले होते. भाचा आणि भाचेसून होती. आणि अंगणात वाल सोलत बसलेली एक म्हातारी होती. काळीसावळी, बारीक, केस आखूड कापलेले, अंगावर ढगळ गाऊन, त्याच्यावर टॉवेल. इतके दिवस मी लांब मानेची, घोगऱ्या आवाजाची बाई डोळ्यांसमोर धरून बसले होते.

हे फाटकाशीच उभे राहिले. तिने मान वर केली. डोळ्यांवर हात धरून बघितलं, आणि एक हाक मारली. ते त्यांचं लहानपणचं नाव होतं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. इथेही लिहीत नाही, ते माझं नाही.

"आला का रं?" ती म्हणाली. "अर्धा टकला झालास की."

आणि माझा नवरा हसला. मोठ्याने. पायरीवर तिच्या पायाशी बसला आणि हसता हसता रडायला लागला, आणि ती त्याच्या टकलावर वालाच्या सालांचे हात फिरवत राहिली. मी फाटकात चपला हातात घेऊन उभी. कुणी मला आत ये म्हणेपर्यंत बराच वेळ गेला. भाचेसुनेने शेवटी खुर्ची आणून दिली.

भाचेसूनच मला हळूच सांगत होती. लग्न होऊन आली तेव्हा आत्याबाई गोठ्याशेजारच्या खोलीत असायच्या. तिनेच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. बरीच वर्षं गोळ्या चालू आहेत. आता ठीक असतात, टीव्ही बघतात, भाज्या लावतात, कधीमधी गप्प होतात.

जेवायला बसलो. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. मी देशावरची. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, आणि बिरडं मला कधी जमलंच नाही. लग्नानंतर एकदा केलं होतं, कडू झालं, तेव्हा हे म्हणाले होते, राहू दे, मला काही विशेष आवडत नाही. ते मी खरं मानलं. आता ते बोटं चाटून तिसऱ्यांदा वाढून घेत होते. मी माझ्या ताटातला तो बिरड्याचा वाल एकेक करून चावत होते. चांगला झाला होता, हेच तर दुखणं.

जेवताना यांनी तिला पिक्चरची गोष्ट सांगितली. पूर्ण. बंद खोली, खोकला, भिंत. मी ऐकत होते. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं, आणि सांगत किती छान होते! मी दोनदा थिएटरात बसून जे पाहिलं नव्हतं ते मला तिथे दिसलं. ती बाई तीच एक साडी का नेसते तेसुद्धा. मूल आजारी असताना ती तीच नेसून त्याला मांडीवर घेऊन बसलेली असते, हे एका फोटोत दाखवलंय म्हणे. मी साड्या विकणारी, आणि माझ्या नजरेतून तेवढंच निसटलं होतं. माझं त्या पिक्चरबद्दलचं मत तिथे बदललं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची इच्छाच झाली नाही.

"मंग शेवटी त्या बाईला कोन भेटतं का?" वहिनीने विचारलं.

"नाही. नवरा दार उघडतो, आणि पिक्चर तिथंच संपतो."

"म्हंजे अर्धाच?"

"अर्धाच."

"आणि तेच्यासाठी दोन येला पैसे दिलेस?" ती म्हणाली. भाचेसून खळखळून हसली. हेही हसले.

निघताना तिने मला जवळ बोलावलं. माझा हात हातात घेऊन बांगड्या बघितल्या. "देशावरची ना तू?"

"हो."

"घरी बोलतो का ग हा?"

मी यांच्याकडे बघितलं. ते स्कूटरपाशी भाच्याशी बोलत होते.

"बोलतात की," मी म्हटलं. "खूप."

"मंग बरं हाय. ल्हानपनी तर गप बसायचा नाय. कान किटायचे माझे."

परत येताना मी त्यांच्या पाठीला टेकून बसले नाही. मागची दांडी धरून बसले. वाटेत ते बोलत होते. आपणहून. शेत कुठे होतं, नदीला पूर आला की वहिनी त्यांना काखेत मारून कशी न्यायची, कोठीच्या दाराला कसली कडी होती. वाऱ्यामुळे अर्धं ऐकू येत नव्हतं, तरी मी 'पुन्हा सांगा' म्हटलं नाही. मला ते सगळं हवं होतं आणि तिच्याबद्दलचं नको होतं, आणि दोन्ही वेगळं काढता येत नव्हतं.

घरी आल्यावर मी ठरवलं होतं की आता पुरे, एकदा भेट झाली. पण ते महिन्यातून एकदा जायला लागले. कधी मी बरोबर, कधी नाही. मी नसले की ते जास्त वेळ थांबतात, हे माझ्या लक्षात आलं. येताना पिशवीत वाल, कधी शेवग्याच्या शेंगा. मी ते वाल डब्यात भरून ठेवायचे आणि शिजवायचे नाही. मुलगी म्हणायची, "आई, तू चक्क जळतेस." मी म्हणायचे, "हो, जळते. मग?"

मग दिवाळीनंतर भाच्याकडे लग्नाची गडबड होती, पाहुण्यांनी घर भरलं होतं, आणि गर्दीत आत्याबाईंना त्रास होतो म्हणून भाचेसुनेने यांना विचारलं की चार दिवस न्याल का. यांनी मला विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आणा.

आल्या. पहिल्या दिवशी हे घरी होते, दोघांच्या गप्पा चालू होत्या आणि मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच ठेवत होते. दुसऱ्या दिवशी यांची सकाळची शिफ्ट, मुलगी कॉलेजात. मी दुकानात सुट्टी सांगितली होती. घरात आम्ही दोघीच. ती माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात आली आणि ओट्याखालचे डबे उघडून बघायला लागली. वालाचा डबा सापडला. सगळ्या महिन्यांचे वाल.

"शिजवलेस नाय?"

"मला जमत नाही. कडू होतं."

"मोड आनून साली काढतेस का नीट?"

तिने वाल भिजत घातले. भिजत घालून ती म्हणाली, "शंकराला जाऊन येऊ. लगीन झालं तवा आनलं होतं मला हितं, तवापासून नाय आले."

अंबरनाथचं शिवमंदिर आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. ती हळू चालत होती, माझ्या दंडाला धरून. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरताना तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखला. दर्शन घेऊन बाहेर आलो, दगडावर बसलो. आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई बेल घेऊन येत होत्या. थांबल्या, तिच्याकडे बघितलं. आखूड केस, माझी इस्त्रीची साडी तिच्या अंगावर ढगळ.

"पाहुण्या का? कोण या?"

वहिनी खाली बघायला लागली. हातातलं फूल उगाच कुस्करायला लागली. मला वाटतं, या प्रश्नाला कुणी काय उत्तर देतं ते तिने आयुष्यभर ऐकलं असणार.

"माझ्या मोठ्या जाऊबाई," मी म्हटलं.

शेजारणीने नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून गेली. वहिनीने मान वर केली नाही. फक्त माझ्या खांद्यावरून पदर घसरला होता, तो ओढून सारखा केला.

हे सांगायला ते तिथे नव्हते. ते कंपनीत होते. तिला ते नातं परत देणारी मी होते, ते नव्हेत, आणि मी ते त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे तिचं इतकं काही आहे. एवढं एक माझ्याकडे असू दे.